मुराकामींचे साधे वाक्य आणि त्याखालची विहीर

दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात, साहित्याचे नोबेल जाहीर होण्याच्या संध्याकाळी, टोकियोतल्या सेंदागाया भागातील हातोनोमोरी हाचिमान या देवळाच्या आवारात हारुकी मुराकामी यांचे वाचक वर्षानुवर्षे जमत आले आहेत. स्टॉकहोमहून नाव जाहीर होते, ते दुसऱ्याच कोणाचे तरी असते, आणि मंडळी थोडा वेळ हळहळून घरी जातात. २०२४ साली हे पारितोषिक दक्षिण कोरियाच्या हान कांग यांना मिळाले, २०२५ साली हंगेरीच्या लास्लो क्रास्नाहोर्काई यांना.

ही बातमी वाचणाऱ्या मराठी वाचकाला दोन प्रश्न पडतात. ज्याची पुस्तके सुमारे ५० भाषांत गेली आहेत त्या लेखकाला हा मान का मिळत नाही, हा पहिला. दुसरा प्रश्न त्यांचे एखादे पुस्तक हातात घेतलेल्याला पडतो आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. भाषा तर शाळकरी मुलालाही कळेल इतकी सोपी, मग पुस्तक मिटल्यावर आपल्याला नेमके काय कळले हे सांगता का येत नाही? मांजरे बोलतात, आकाशातून मासे पडतात, एक सुशिक्षित माणूस कोरड्या विहिरीच्या तळाशी जाऊन बसतो, आणि हे सारे 'मग मी चहा ठेवला' अशा सुरात सांगितले जाते. हा सूर त्यांनी कसा घडवला हे समजले की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

कॅफेवाला लेखक

मुराकामींचा जन्म १२ जानेवारी १९४९ रोजी क्योतोमध्ये झाला आणि त्यांचे बालपण कोबे शहराजवळच्या निशिनोमिया आणि आशिया या गावांत गेले. (या आशियाचा आपल्या खंडाशी काही संबंध नाही.) आईवडील दोघेही जपानी साहित्याचे शिक्षक होते, आणि बहुधा म्हणूनच मुलाने अमेरिकन कादंबऱ्या आणि जाझ संगीताची वाट धरली. कोबे हे बंदर असल्यामुळे परदेशी खलाशांनी विकलेली इंग्रजी पुस्तके तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत स्वस्तात मिळत.

पुढे ते टोकियोच्या वासेदा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकायला गेले. १९६८-६९ चे ते दिवस विद्यार्थी आंदोलनांचे होते आणि वर्ग बंद पडत होते. आधी शिक्षण, मग नोकरी, मग लग्न हा जपानी समाजाचा शिरस्ता मुराकामींनी नेमका उलटा केला. १९७१ साली योको यांच्याशी लग्न, १९७४ साली कोकुबुंजी भागात कर्ज काढून उघडलेला 'पीटर कॅट' नावाचा जाझ कॅफे, आणि त्यानंतर १९७५ साली पदवी. दिवसा कॉफी, रात्री दारू आणि सतत संगीत असा हा धंदा त्यांनी कित्येक वर्षे केला. त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसे स्वयंपाक करतात, इस्त्री करतात, ग्लास पुसतात, तेव्हा ती कामे इतकी नेमकी उतरतात त्याचे कारण या काळात आहे.

१ एप्रिल १९७८ रोजी ते जिंगू मैदानाच्या गवतावर बसून बेसबॉलचा सामना पाहत होते. याकुल्त स्वॅलोज संघाच्या डेव्ह हिल्टन या अमेरिकन खेळाडूने पहिलाच चेंडू डावीकडे टोलवला, आणि त्या क्षणी आपल्यालाही कादंबरी लिहिता येईल असे आपल्याला वाटले, असे मुराकामी सांगतात. वय होते २९. ही कथा त्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की ती आता दंतकथेसारखी वाटते. त्यानंतर जे घडले ते मात्र जास्त महत्त्वाचे आहे.

इंग्रजीच्या खोलीत मांडलेला संसार

कॅफे बंद केल्यावर रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी पहिला खर्डा लिहिला. तो त्यांना कंटाळवाणा वाटला, कारण 'साहित्य' म्हणजे जशी भाषा असते असे त्यांना वाटत होते, तशी ती भाषा झाली होती. मग त्यांनी माळ्यावर टाकतात तसा जपानी कागद बाजूला ठेवला, इंग्रजी टंकयंत्र काढले, आणि कादंबरीची सुरुवात इंग्रजीत लिहिली. त्यांचे इंग्रजी तेव्हा बेताचे होते, त्यामुळे वाक्ये आखूड राहिली आणि वर्णने आपोआप गळाली. हा मजकूर त्यांनी पुन्हा जपानीत आणला, आणि त्यातून त्यांना स्वतःचा आवाज सापडला.

वडिलोपार्जित वाड्यात वाढलेला मुलगा परगावी एका खोलीत संसार मांडतो तेव्हा शिसवी कपाटे आणि पितळी हंडे सोबत येत नाहीत, रोज लागणारी चार भांडीच येतात. वर्षभराने तो वाड्यात परततो तेव्हा त्याच्या लक्षात येते की जड सामानाला हात न लावताही स्वयंपाक होतो. मुराकामींनी इंग्रजीच्या खोलीत काही काळ राहून जपानीच्या वाड्यात परत पाऊल टाकले, आणि तेथली कपाटे बंदच ठेवली. १९७९ साली या कादंबरीला 'गुंझो' मासिकाचे नवलेखकांसाठीचे पारितोषिक मिळाले. तिच्या नावाचा अर्थ 'वाऱ्याचे गाणे ऐक' असा होतो.

बंद ठेवलेल्या या कपाटांत काय होते? विसाव्या शतकातल्या जपानी कादंबरीवर 'शिशोसेत्सु' या प्रकाराचे मोठे वजन होते. शिशोसेत्सु म्हणजे लेखकाने स्वतःच्या आयुष्यातली दुःखे आणि पापे जवळजवळ जशीच्या तशी, कबुलीजबाबासारखी मांडणारी कथा. मुराकामींचा निवेदकही 'मी' म्हणूनच बोलतो, पण कबुली मात्र देत नाही. दुःखाचा विषय निघाला की तो स्पॅगेटीचे पाणी उकळायला ठेवतो.

अनेक प्रकारचे 'मी'

मराठीत समोरच्या माणसासाठी तू, तुम्ही आणि आपण अशा पायऱ्या आहेत, आणि कोणती पायरी निवडली यावरून नाते कळते. जपानीत अशाच पायऱ्या स्वतःसाठीही आहेत. 'वाताशी' हा औपचारिक मी, 'ओरे' हा रांगडा मी, आणि 'बोकु' हा मुलगे आणि पुरुष वापरतात तो मऊ, काहीसा पोरगेला मी. मुराकामींच्या बहुतेक निवेदकांनी 'बोकु' निवडला आहे. तिशी उलटलेला, घटस्फोट झालेला माणूस स्वतःला 'बोकु' म्हणतो तेव्हा तो कोणत्याही अधिकाराच्या जागेवरून बोलत नाही हे जपानी वाचकाला पहिल्या ओळीतच कळते.

१९८५ साली आलेल्या आणि तानिझाकी पारितोषिक मिळालेल्या एका कादंबरीत त्यांनी या भेदावर अख्खी रचना उभी केली. एका आड एक प्रकरणांत दोन निवेदक बोलतात. टोकियोत सांकेतिक माहिती हाताळणारा तंत्रज्ञ 'वाताशी' म्हणतो, तर उंच भिंतीने वेढलेल्या एका नगरात एकशिंगी प्राण्यांच्या कवट्यांतून जुनी स्वप्ने वाचणारा तरुण 'बोकु' म्हणतो. इंग्रजीत 'मी' एकच. म्हणून अनुवादक आल्फ्रेड बर्नबॉम यांनी एका निवेदकाला भूतकाळ दिला आणि दुसऱ्याला वर्तमानकाळ. युक्ती उत्तम आहे, पण मूळ कापड वेगळे होते हे लक्षात ठेवावे. मराठीलाही हाच प्रश्न येईल. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असा एक सुंदर भेद आहे जो इंग्रजीत नाही, पण 'मी' एकटाच आहे.

लिपीचेही तसेच. जपानी मजकुरात तीन लिप्या एकत्र नांदतात. कांजी ही चिनी चित्राक्षरे, हिरागाना ही व्याकरणाची आणि घरगुती शब्दांची लिपी, आणि काताकाना ही मुख्यतः परकीय शब्दांची. आपल्या छापील मराठीत टेबल, पेन, बस हे शब्द कायम वेगळ्या वळणाच्या अक्षरांत छापले गेले असते तर पान जसे दिसले असते, तसे मुराकामींचे पान दिसते. त्यांच्याकडे जाझच्या तबकड्या, व्हिस्की, मोटारी आणि गायकांची नावे इतकी येतात की परदेशीपणा कानांआधी डोळ्यांना जाणवतो. अनुवादात तो दिसतच नाही. '१क्यू८४' या कादंबरीच्या नावातली गंमतही कानाचीच आहे. जपानीत नऊचा उच्चार 'क्यू', म्हणून ते नाव १९८४ सारखेच ऐकू येते, आणि तरी ते वर्ष तेच नसते.

मग मांजरे का बोलतात?

मुराकामींनी माणसाच्या मनाची तुलना घराशी केली आहे. तळमजल्यावर सगळे एकत्र बसतात, वरच्या मजल्यावर झोपण्याच्या खोल्या असतात, खाली तळघर असते. त्या तळघराच्याही खाली आणखी एक तळघर असते, तिथे दिवा नसतो, आणि आपले काम तिथे उतरण्याचे आहे, असे ते म्हणतात.

आपल्या जुन्या गावांतल्या पेवांची आठवण इथे होते. वरून सारवलेले सपाट अंगण दिसे, पण खाली धान्य साठवलेला खोल खड्डा असे, आणि पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, कारण आत कोंडलेली हवा जीव घेऊ शकते. मुराकामींची रोजची शिस्त याच भीतीतून आली आहे. कथा लिहिताना मनातले एक विष वर येते आणि ते पेलायला शरीर निरोगी लागते, अशी त्यांची समजूत आहे. १९८२ पासून ते रोज धावतात, आणि १९९६ साली होक्काइदोतल्या सारोमा सरोवराभोवतीची १०० किलोमीटरची शर्यतही त्यांनी पूर्ण केली. कादंबरी चालू असताना पहाटे चारला उठणे, पाच-सहा तास लिहिणे, ४०० अक्षरांचे दहा कागद भरले की थांबणे आणि रात्री नऊला झोपणे, हा त्यांचा क्रम आहे.

त्यामुळे त्यांच्या विहिरीकडे कोडे म्हणून पाहू नये. १९९४-९५ मध्ये तीन खंडांत आलेल्या, किल्लीच्या पक्ष्याच्या कादंबरीत (इंग्रजीत 'द वाइंड-अप बर्ड क्रॉनिकल') तोरू ओकादा या बेकार माणसाचे आधी मांजर हरवते, मग बायको निघून जाते, आणि तो शेजारच्या ओसाड घराच्या कोरड्या विहिरीत उतरतो. त्याच पुस्तकात एक वृद्ध सैनिक मांचुरिया-मंगोलिया सरहद्दीवरची हकीकत सांगतो, जिथे १९३९ साली जपानी आणि सोव्हिएत फौजांत नोमोनहानची लढाई झाली. त्यालाही एका विहिरीत टाकून दिले होते. टोकियोच्या गल्लीतली विहीर आणि मंगोलियाच्या वाळवंटातली विहीर खाली कुठेतरी एकमेकींना मिळाल्या आहेत, आणि घरातल्या माणसाशी न बोललेले आणि देशाने न बोललेले, दोन्ही त्याच तळाशी साचलेले आहे. हे मी फोडून सांगितले की ढोबळ वाटते. कादंबरीत ते कोणी सांगत नाही, म्हणूनच ते अंगावर येते.

'हे तर पाश्चात्त्यांचे अनुकरण'

ही तक्रार जपानमध्येच सुरू झाली. परकीय वळणाच्या गोष्टींसाठी जपानीत 'लोण्याचा वास येतो' असा एक वाक्प्रयोग आहे, आणि तो मुराकामींना वारंवार ऐकावा लागला. नवोदित लेखकांसाठीच्या मानाच्या अकुतागावा पारितोषिकासाठी त्यांचे नाव दोनदा गेले आणि दोन्ही वेळा परत आले. पुढे नोबेल मिळवणारे केन्झाबुरो ओए हे त्यांचे कठोर टीकाकार होते, आणि किल्लीच्या पक्ष्याला योमिउरी पारितोषिक मिळाले तेव्हा याच ओए यांनी त्या कादंबरीची प्रशंसा केली.

तक्रार पूर्ण खोटी नाही. रेमंड कार्व्हर, फिट्झजेराल्ड, सॅलिंजर आणि चँडलर या अमेरिकन लेखकांना मुराकामींनी स्वतः जपानीत आणले आहे, आणि त्या सरावाचा ठसा त्यांच्या वाक्यांवर आहे. पण १९८० च्या दशकातला टोकियोतला तरुण सकाळी टोस्ट खात होता आणि रात्री बीटल्स ऐकत होता. त्याला सतत चेरीच्या फुलांखाली बसवणे हेच खोटे ठरले असते. १९८७ च्या ज्या प्रेमकथेने त्यांना घरोघरी पोचवले, तिचे नावही बीटल्सच्या गाण्यावरून आले आहे. गाण्यातले नॉर्वेचे 'लाकूड' जपानीत फार पूर्वीच चुकून नॉर्वेचे 'जंगल' झाले होते. मुराकामींनी ती चूक तशीच उचलली, आणि त्या कादंबरीत जंगल खरोखरच आहे. लाल आणि हिरव्या वेष्टनातल्या तिच्या दोन खंडांच्या लाखो प्रती खपल्या, आणि प्रसिद्धीला कंटाळून लेखक बराच काळ देशाबाहेर राहिला.

'त्यांना समाजाशी देणेघेणे नाही'

सुरुवातीच्या पुस्तकांपुरता हा आक्षेप मी मान्य करतो. १९९५ ने मात्र चित्र बदलले. १७ जानेवारीला कोबेचा भूकंप झाला आणि त्यात मुराकामींच्या आईवडिलांचे घर राहण्यालायक उरले नाही. २० मार्चला ओम शिनरिक्यो या पंथाच्या अनुयायांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सारिन हा विषारी वायू सोडला. डझनभराहून अधिक माणसे मेली आणि हजारो बाधित झाली. तेव्हा अमेरिकेत राहणारे मुराकामी मायदेशी परतले, आणि त्या गाड्यांत असलेल्या सुमारे ६० माणसांना भेटून त्यांनी त्यांच्या हकिगती १९९७ साली पुस्तकरूपाने छापल्या. प्रसारमाध्यमांना पंथाच्या गुरूमध्ये रस होता, मुराकामींना त्या सकाळी दुधाचे पाकीट घेऊन कामावर निघालेल्या माणसात. पुढच्या वर्षी त्यांनी पंथाच्या अनुयायांच्याही मुलाखती घेतल्या. 'आपण' आणि 'ते' यांच्यातली भिंत फार पातळ आहे, हे त्यांना तिथे दिसले.

२००९ साली जेरुसलेम पारितोषिक स्वीकारताना, गाझातल्या हल्ल्यांमुळे ते नाकारावे असा आग्रह होत असूनही, ते तिथे गेले आणि म्हणाले की, उंच भिंत आणि तिच्यावर आपटून फुटणारे अंडे यांत मी नेहमी अंड्याच्या बाजूला असेन. २०१९ मध्ये त्यांनी वडिलांविषयी प्रथमच मोकळेपणाने लिहिले. वडील देवळाच्या पुजाऱ्याच्या घरातले होते, चीनमध्ये सैनिक होते, आणि रोज सकाळी मृतांसाठी सूत्रपठण करीत. आपल्या तुकडीने एका चिनी कैद्याचा शिरच्छेद केल्याचे त्यांनी एकदा लहानग्या हारुकीला सांगितले होते. किल्लीच्या पक्ष्याच्या विहिरीत काय साचले होते, हे तो निबंध वाचल्यावर अधिक स्पष्ट होते.

'त्यांच्या स्त्रिया खऱ्या वाटत नाहीत'

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. त्यांच्या अनेक कादंबऱ्यांत स्त्री येते ती नायकाला दुसऱ्या जगाचे दार उघडून देण्यासाठी, आणि मग नाहीशी होते. मिएको कावाकामी या पुढच्या पिढीच्या नावाजलेल्या कादंबरीकार, आणि त्यांच्या चाहत्याही. त्यांनी दीर्घ मुलाखतीत हे मुराकामींना समोरासमोर विचारले. मुराकामींचे उत्तर काहीसे बचावाचे होते. सतरा दिवस झोप न येणाऱ्या गृहिणीची त्यांची एक जुनी कथा वाचली की वाटते, हे त्यांना जमत होते, त्यांनी ते पुरेशा वेळा केले नाही.

आपण वाचतो ते नेमके कोणाचे?

मराठी वाचकांपैकी बरेच जण मुराकामी इंग्रजीतून वाचतात. किल्लीच्या पक्ष्याच्या इंग्रजी आवृत्तीतून सुमारे २५,००० शब्द कमी केलेले आहेत, कारण प्रकाशकाला पुस्तक आटोपशीर हवे होते, आणि अनुवादक जे रुबिन यांनी ती काटछाट स्वतः केली. जर्मनीत तर २००० साली दूरचित्रवाणीवरच्या पुस्तकचर्चेत मुराकामींच्या एका कादंबरीवरून दोन समीक्षकांचे इतके जुंपले की एकीने कार्यक्रमच सोडला. ज्या भाषेवरून भांडण झाले ती मुराकामींची नव्हतीच, कारण तो जर्मन अनुवाद इंग्रजीवरून केलेला होता. जपानीवरून थेट केलेला जर्मन अनुवाद २०१३ मध्ये आला.

नोबेलचा प्रश्न यापुढे लहान वाटतो, आणि त्याचे उत्तरही सोपे आहे. नोबेलसाठी सुचवलेली नावे ५० वर्षे गुप्त ठेवली जातात. आपण वाचतो ती 'संभाव्य यादी' सट्टेबाजांची असते. तानिझाकी आणि मिशिमा या जपानी कादंबरीकारांची नावे १९६० च्या दशकात विचारात होती, हे जगाला कित्येक दशकांनी कळले. मुराकामींच्या नावाची चर्चा तिथे होते की नाही, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.

एक स्वल्पविराम

१९८० साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, मुराकामींनी भिंतीने वेढलेल्या एका नगराची दीर्घकथा मासिकात छापली. ती त्यांना इतकी अपुरी वाटली की त्यांनी ती कधीच पुस्तकात येऊ दिली नाही. तेच नगर पुढे १९८५ च्या कादंबरीत 'बोकु'चे घर झाले, तरी समाधान झाले नाही. मार्च २०२० मध्ये, महासाथीने दारे बंद होत असताना, त्यांनी ती कथा पुन्हा लिहायला घेतली, आणि एप्रिल २०२३ मध्ये, ७४ व्या वर्षी, ती कादंबरी म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या नावाचा अर्थ 'नगर आणि त्याची अनिश्चित भिंत' असा आहे. जुन्या दीर्घकथेचे नावही हेच होते. फरक इतकाच की जुन्या नावात 'नगर आणि' नंतर एक स्वल्पविराम होता. नव्या नावात तो काढलेला आहे.